दोन घरांचा तांदूळ

सतीश,

गेल्या महिन्यात भरे गावच्या तात्यांचा फोन आला. फोनवर ख्यालीखुशाली विचारायची त्यांना सवय नाही, तुला माहीतच आहे. म्हणाले, "भात भरडून आनलाय. औंदा एका घराचा द्यायचा का दोन घरांचा?" वर म्हणाले, "लई जनांनी सांगून ठेवलंय, म्हून इचारतोय. मनात काय आनू नका."

मी म्हणालो, दोन दिवसांत सांगतो. पिरंगुटच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेबाचं काम करणारा माणूस मी, आणि एक की दोन एवढं मला सांगता आलं नाही.

भूगावला राहायला आल्यापासून आपण तात्यांकडूनच वर्षाचा इंद्रायणी तांदूळ भरत आलो. चार कट्टे, दोन तुझे, दोन माझे, आणि सगळे एकाच कोठीत, तुझ्या मागच्या बाल्कनीत. माझ्या बाल्कनीत पावसाचा मारा येतो म्हणून. तात्यांना ते सगळं ठाऊक होतं. तू गेलास हेही ठाऊक होतं, दहाव्याला ते पौडवरून एसटीनं आले होते आणि कोपऱ्यात बसून न जेवता गेले. त्यांचा प्रश्न सरळ होता. वहिनी आणि मुलं इथंच राहणार का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि तेच मलाही कोणाला विचारायचं धाडस होत नव्हतं.

सोसायटीनं पार्किंगमध्ये तुझ्यासाठी सभा घेतली. लोक बोलले. तू हसतमुख होतास, कुणाच्याही मदतीला धावायचास, लिफ्ट अडकली की पहिला फोन तुलाच. सगळं खरं आहे. मला बोला म्हणाले, मी नको म्हटलं. माझ्या मनात तुझ्याबद्दल चांगलं काही नव्हतंच त्या दिवशी. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि ते प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून माईकवर करता येत नाही. म्हणून इथं लिहितोय.

आपली ओळख झाली तो दिवस आठव. बिल्डरच्या साइट ऑफिसात आपण शेजारी शेजारी बसलो होतो, एकमेकांना न ओळखता. टाय लावलेला तो पोरगा सांगत होता, "सर, हा सगळं धरून रेट आहे." तू विचारलंस, "सगळं म्हणजे काय काय सगळं?" मग त्याच्या तोंडून एकेक बाहेर यायला लागलं. नोंदणी वेगळी, कर वेगळा, वीजमीटर आणि ट्रान्सफॉर्मरचे वेगळे, दोन वर्षांची देखभाल आगाऊ, आणि पार्किंगचे अडीच लाख. तू दर वेळी मान डोलावून म्हणायचास, "बरं, म्हणजे हे सोडून सगळं." मी हसलो. माझ्या हातात बेरजेचा कागद होता, तो तू वाकून पाहिलास आणि म्हणालास, "तुमचं झालं की मला द्या. माझी बेरीज नेहमी कमी येते."

त्या दिवशी आपण दोघांनी मिळून एकच पार्किंग घेतलं. समोरासमोरचे दोन फ्लॅट आणि गाडीची जागा एक. तो पोरगा म्हणाला, असं कोणी करत नाही. तू म्हणालास, "आमच्याकडे गाडीही अजून नाही, तेव्हा भांडण लागायला वेळ आहे." पुढे गाडी घेतली तीही जुनी, आणि अर्धी अर्धी. मग ते वाढतच गेलं. वॉशिंग मशिन माझ्याकडे, पिण्याच्या पाण्याचं यंत्र माझ्याकडे, इंटरनेटची वायर तुझ्याकडे, तांदळाची कोठी तुझ्याकडे. पेपर आधी तुझ्या दारात, नऊ वाजता माझ्या. आपल्या दोघांच्या दारांमधला तो सहा फुटांचा पॅसेज दिवसभर वाहता असायचा. कुणी बादलीभर कपडे घेऊन इकडे, कुणी पातेलं घेऊन तिकडे. पाहुणे विचारायचे, नक्की कोण कुठं राहतं?

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी स्टूल टाकून पॅसेजमध्ये बसायचो आणि अर्धं अर्धं करायचो. विजेचे माझ्याकडे जादा, पेट्रोलचे तुझ्याकडे जादा, टँकरची वर्गणी, तात्यांचे तांदळाचे. तू दाराच्या चौकटीला टेकून चहा प्यायचास. "काय ऑडिटर, जुळला का पैसा न् पैसा?" मी म्हणायचो, तू मला अडुसष्ट रुपये देणं लागतोस. तू म्हणायचास, "पुढच्या महिन्यात तू लागशील, तेव्हा फिटलं." मला याचा राग यायचा. अडुसष्ट रुपयांचा नाही. हिशेब अर्धवट सोडून उठून जायची तुझी जी सवय होती, तिचा.

आणि ती सवय तू शेवटपर्यंत सोडली नाहीस, हेच माझं तुझ्याशी भांडण आहे.

कर्जाचा विमा घे, हे मी तुला किती वेळा सांगितलं? बँकेतला माणूस माझ्याच टेबलावर बसून समजावून गेला होता. एकदाच पैसे भरायचे, उद्या काही झालं तर कर्ज विमा कंपनी फेडते. मी माझा घेतला. तू फॉर्म घरी नेलास आणि त्याच महिन्यात समृद्धीच्या अकरावीच्या क्लासची फी आली. सायन्सचा क्लास, दोन वर्षांचे एकदम भरले तर सवलत. तू म्हणालास, "विमा पुढच्या वर्षी. पोरीची अकरावी पुढच्या वर्षी येत नाही." मी म्हणालो, दोन्ही करायला पाहिजे. तू म्हणालास, "कशातून?" तरीही मी तुझ्यावर चिडलोय. एका घरात दोन पगार येतात, दारू नाही, पत्ते नाहीत, दर वर्षी एकदा तुळजापूर हाच काय तो प्रवास, आणि तरीही माणसाला पोरीची फी आणि स्वतःचा विमा यांतलं एक निवडावं लागतं. मग मी कुणावर चिडायचं ते तरी सांग. तू समोर होतास, म्हणून तुझ्यावर.

आपलं मोठं भांडण मात्र वेगळं होतं, आणि ते दर वर्षी एकाच ठिकाणी व्हायचं. भऱ्याहून परत येताना, मागच्या सीटवर तांदळाचे कट्टे आणि गाडीभर नव्या तांदळाचा वास. भूगाव जवळ आलं की रस्ता तुंबायचा आणि मी सुरू करायचो. चांदणी चौकाचा पूल झाल्यापासून तिथली गर्दी आपल्या दारात आली. अर्धा अर्धा तास गाडी हलायची नाही, म्हणजे मला मुद्दे मांडायला भरपूर वेळ मिळायचा. हप्ता इतका, देखभाल इतकी, शाळा इतकी, उन्हाळ्यातला टँकर इतका. मुळशी धरण आपल्याच तालुक्यात आणि आपण अंघोळीचं पाणी विकत घेतो. पगार दर वर्षी वाढतो तो फक्त शाळेची बस आणि दूध यांना पुरतो. फ्लॅट विकावा, कर्ज फेडावं, उरलेलं बँकेत टाकावं आणि माझ्या कोरेगावला किंवा तुझ्या बार्शीला जाऊन राहावं. तिथं तेवढ्याच व्याजात घर चालेल. इथं आपण राहत नाही, इथं आपण नुसते हप्ते भरतो.

तू स्टिअरिंगवर बोटं वाजवत ऐकून घ्यायचास. आणि शेवटी तेच एक वाक्य. "शहर महाग नसतं रे. एकेकटं राहणं महाग असतं."

मी म्हणायचो, हे वाक्य झालं, हिशेब नाही झाला.

"मग तू जा कोरेगावला," तू म्हणायचास. "पार्किंग तरी पूर्ण मिळेल मला."

मी गेलो नाही. का गेलो नाही ते तुला कधी सांगितलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर शाळा वगैरे काहीतरी कारण सांगितलं असतं.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं ते.

तेराव्यानंतर नितीन, वहिनींचा धाकटा भाऊ, बार्शीहून पुन्हा आला. चांगला पोरगा आहे. कापडदुकान सांभाळतो, मोजकं बोलतो. माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला आकड्यांतलं कळतं, म्हणून तुमच्यापुढं मांडतो. चुकलं तर सांगा." मग त्यानं मांडलं. कर्ज अठरा लाखांच्या आसपास बाकी. हप्ता चोवीस हजार. ताईचा शाळेच्या ऑफिसातला पगार एकोणीस हजार, दाजींच्या मागं पेन्शन साडेतीन हजार बसेल. म्हणजे हप्ताच निघत नाही, खायचं लांब. फ्लॅटचे बावन्न येतील. कर्ज वजा जाता चौतीस उरतात. बँकेत ठेवले तर महिन्याला एकोणीस-वीस हजार व्याज. बार्शीला वरचा मजला रिकामा आहे, भाडं नाही. धाकट्या ओमला तिथली शाळा, समृद्धी बारावी तिथून देईल. दाजींचा फंड आहे तो पोरांच्या पुढच्या शिक्षणाला तसाच राहील.

सतीश, त्यात एक चूक नव्हती. मी चूक शोधत होतो. मी दोनदा बेरीज केली. तो माझाच हिशेब होता रे, दर वर्षी गाडीत बसून मी तुला सांगायचो तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. आणि तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला तो पोरगा परका वाटायला लागला.

मी काय केलं असेल? मी तुझी बाजू घेतली. म्हणालो, समृद्धीचा क्लास अर्ध्यावर आहे, बोर्डाचं वर्ष आहे, वहिनींची नोकरी कायम आहे, ती बार्शीला मिळायची नाही. एकदा पुण्याच्या हद्दीतून बाहेर पडलं की परत आत येता येत नाही, भाव तेवढ्यात निघून गेलेला असतो. फंडातून दहा लाख कर्जात भरले तर हप्ता पावणेअकरा हजारांवर येईल. नितीन शांतपणे म्हणाला, "मग उरतात पावणेबारा. त्यातून देखभाल, वीज, शाळा, बस, किराणा. दादा, तुम्हीच करून दाखवा." करून दाखवता येण्यासारखं नव्हतंच.

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "भाऊजी, दहा वर्षं तुम्हीच म्हणत होतात ना, इथं परवडत नाही? मला सगळं कळायचं. हे वर आले की तुमची नक्कल करून दाखवायचे."

नक्कल करायचास हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यावरूनही भांडलो असतो.

त्यानंतर तुमचं दार बंद राहायला लागलं. कुलूप नाही, नुसतं लोटलेलं, पण आपल्याकडे दार लोटलेलं कधी नसायचं. कपडे यायचे बंद झाले. वहिनी घरीच बादलीत धुवायला लागल्या. ओम बाटल्या भरायला यायचा, पण बेल वाजवून. एक तारखेला वहिनी त्यांचा अर्धा वाटा पाकिटात घालून घेऊन आल्या. मी घेणार नाही म्हटलं, तर पाकीट टेबलावर ठेवून निघून गेल्या. सुरेखा मला म्हणाली, "घ्यायचं होतं. तुम्ही नाही घेतलंत तर त्या पाण्यालाही पोराला पाठवायच्या नाहीत." बायकोचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीपासून बाटल्याही बंद झाल्या. मग मी गुपचूप पाकिटातले पैसे मोजले, त्यांच्या वाट्यापेक्षा एकशे बारा रुपये जास्त निघाले, ते ओमच्या हातात परत दिले आणि म्हटलं, आईला सांग, हिशेबात चूक होती. संध्याकाळी ओम बाटल्या घेऊन आला. तुला हे मजेशीर वाटलं असतं. एकशे बारा रुपयांनी पाण्याचा रस्ता मोकळा होतो, आणि तू जन्मभर माझ्या रुपया-पैशाला हसलास.

अशात तात्यांचा तो फोन आला. एका घराचा का दोन घरांचा.

दोन दिवस मी विचार करत होतो, वहिनींना कसं विचारायचं. फ्लॅट विकताय का, असं थेट विचारलं तर ते मीच त्यांना ढकलल्यासारखं होईल. राहा म्हटलं तर कशाच्या जोरावर राहा म्हणतोय? माझ्या खिशात तेवढं नाही, आणि असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. शेवटी सुरेखाच म्हणाली, "फ्लॅटचं विचारूच नका. तांदळाचं विचारा. वर्षाचा तांदूळ कोण कुठं भरतं त्यावरून कळतंच."

मी समोर गेलो, बेल वाजवली. दारातच म्हणालो, वहिनी, तात्यांचा फोन होता, तांदूळ तयार आहे, तुमचा किती सांगू? आतून समृद्धीचा पाठांतराचा आवाज येत होता, तो थांबला. मग म्हणाल्या, "रविवारी सांगते. तात्यांना तेवढं थांबायला सांगा."

रविवारपर्यंत मी काही वाचलं नाही, धड जेवलो नाही. तू हसशील, पण मी कोरेगावच्या घराची चावी कुठं आहे तेही शोधून ठेवलं. समोर कुलूप लागलं तर मी इथं कशाला राहायचं, असा विचार होता. माझा हप्ता तेवढाच राहणार होता, टँकर तेवढाच, गाडीची जागा मात्र पूर्ण मिळणार होती.

रविवारी वहिनींनी आम्हा दोघांना बोलावलं. घरात दोन अनोळखी मुली बसल्या होत्या. एक लातूरकडची, एक जुन्नरची. दोघी वहिनींच्या शाळेत नव्यानं लागलेल्या शिक्षिका, पौड रस्त्याला एका खोलीत चौघी राहत होत्या आणि एकेकीला सहा हजार भाडं, वर डबा वेगळा. वहिनींनी सांगितलं, मागची बेडरूम या दोघींना देते. दोन वेळचं जेवण धरून एकेकीचे आठ हजार. आम्ही तिघं पुढच्या खोलीत. फंडातले दहा लाख कर्जात भरते. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता तुम्ही जमतंय का बघा. मी ह्यांच्या पद्धतीनं केलंय, म्हणजे बेरीज कमी आली असणार."

मी बसलो. त्यांचे सोळा हजार आले, पण दोघींच्या जेवणाला सहा-सात लागणार, वीज वाढणार, पाणी वाढणार. हातात नऊ राहतात. आधीचे पावणेबारा आणि हे नऊ, म्हणजे पावणेएकवीस हजार. त्यात देखभाल, किराणा, ओमची शाळा आणि बस. निघतं. कसंबसं निघतं, कुणी आजारी पडलं नाही तर. समृद्धीच्या पुढच्या वर्षाच्या फीला त्यात जागा नाही, ती फंडातल्या उरलेल्यातून जाईल आणि मग फंड संपेल. मी हे सगळं त्यांना तसंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे एक वर्ष निघतं."

"एक वर्ष निघतं," मी म्हणालो.

"मग एका वर्षाचाच तांदूळ भरायचाय ना?"

नितीनला त्यांनी फोन केला तेव्हा तो चिडला. परक्या पोरी घरात ठेवायच्या, मुलीच्या बारावीला, लोक काय म्हणतील, दाजी असते तर चाललं असतं का? वहिनी म्हणाल्या, दाजींचंच गणित आहे हे. तो अजून नाराज आहे आणि त्याचं सगळंच चुकतंय असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे कुणी तटस्थपणे हे कागद आणले असते तर मी नितीनच्या बाजूनं सही केली असती.

सोसायटीच्या कमिटीनंही नाक मुरडलं. भाडेकरूंसाठी जादा आकार लावू म्हणाले. मी उपविधी घेऊन गेलो आणि दाखवलं, मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर तो आकार लागत नाही. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही फारच तांत्रिक बोलताय. मी म्हणालो, तांत्रिकच बोलायला आलोय, भावनिक बोलायचं ते तुम्ही पार्किंगमधल्या सभेत बोललातच. विषय तिथं संपला. तुझ्यासाठी मी एवढंच करू शकलो.

भऱ्याला वहिनी माझ्याबरोबर आल्या. तुझ्या जागी मी गाडी चालवत होतो. तात्यांनी खळ्यात कट्टे काढून ठेवले होते. वहिनींना बघून ते उठले, डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. म्हणाले, "पोरी, किती देऊ?"

वहिनी म्हणाल्या, "पाच."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दर साली चार न्हेता की. त्यातनं एक मानूस…"

"दोन माणसं वाढलीत, तात्या," वहिनी म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं पाचवा कट्टा काढला. कट्टे गाडीत ठेवताना मला बाजूला घेऊन म्हणाले, रस्त्याकडचं वावर पोरगा गोडाऊनला द्यायचं म्हणतोय, कारखान्यावाले भाडं चांगलं देतात. "भातात काय हाय आता? मजूर न्हाई, पानी न्हाई. पुढल्या साली तांदूळ आसंल का न्हाई, ठाव न्हाई." मी विचारलं, मग खाणार काय तुम्ही? तात्या म्हणाले, "तुमच्यासारखंच. इकत."

परत येताना रस्ता भूगावच्या अलीकडे तुंबला, नेहमीप्रमाणे. गाडीत नव्या तांदळाचा वास होता. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. कितीतरी नवीन इमारती उठल्यात, प्रत्येकीवर फलक, प्रत्येकावर "सगळं धरून" एक आकडा. मला सवयीनं बोलावंसं वाटलं, म्हणजे हप्ता, टँकर, शाळा, सगळं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की समोरून उत्तर देणारं कुणी नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत लांब ट्रॅफिक जाम होता.

कोठी कुठं ठेवायची, हे मी घरी आल्यावर विचारलं. तुमच्याकडे आता माणसं जास्त, बाल्कनी लागेल, हवं तर माझ्याकडे ठेवतो, पावसाचं काहीतरी बघू. वहिनी म्हणाल्या, "कोठी आहे तिथंच राहू दे. सगळं तुमच्याकडून इकडे यायला लागलंय, भाऊजी. काहीतरी इकडून न्यायला या."

कट्टे त्यांनी आणि सुरेखानं मिळून कोठीत ओतले. एरंडेलाचा हात फिरवून, कडुलिंबाचा पाला घालून. त्या दोन्ही मुली बघत होत्या, त्यांनी वर्षाचा तांदूळ भरताना कधी पाहिलाच नव्हता. जुन्नरची म्हणाली, "ताई, एवढा?" वहिनी म्हणाल्या, "बघशील, पुरत नाही."

सतीश, मला अजून हे पटलेलं नाही. वर्षभरानंतर काय, हे विचारलं की सगळे विषय बदलतात. हप्ता भरायला घरातली एक खोली द्यावी लागते, त्या खोलीत तुझा टेबलफॅन होता, तुझे बूट होते. समृद्धी आता स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून अभ्यास करते. हे सगळं कशासाठी? चांदणी चौकापासून पाच किलोमीटरच्या आत राहण्यासाठी? मी अजूनही म्हणतो की ज्या गावात दोन पगारांच्या माणसाला विमा आणि फी यांतलं एक निवडावं लागतं त्या गावाचं गणित कुठंतरी चुकलंय, आणि ते चूक आहे हे सगळ्यांना माहीत असून कुणी दुरुस्त करत नाही. तू गेलास म्हणून मी हे बोलायचं थांबवणार नाही. फक्त आता ते कुणापुढे बोलू, एवढं कळत नाही.

आणि हो, कोरेगावला मी का गेलो नाही ते. संध्याकाळी कामावरून आलं की जिन्यातूनच तुझा आवाज यायचा, दोन्ही दारं उघडी, आणि मला कळायचं नाही की चहा कुठल्या घरात तयार आहे. त्यासाठी. त्याचा आकडा मी कधी मांडला नाही. मांडता येतो का, मला माहीत नाही.

काल सुरेखानं पातेलं हातात दिलं आणि म्हणाली, तांदूळ संपलाय. मी पॅसेज ओलांडून गेलो. दार पुन्हा उघडं होतं, पण मी सवयीनं बेल वाजवली. लातूरची मुलगी बाहेर आली, हातात वह्यांचा गठ्ठा. मला तिनं अजून नीट ओळखलेलं नाही. तिनं पातेलं पाहिलं आणि आत वळून हाक मारली,

"ताई, समोरचे काका तांदूळ न्यायला आलेत."

आतून वहिनी म्हणाल्या, "मग बेल कशाला वाजवतायत? त्यांना म्हणावं, आत या, कोठी त्यांना ठाऊक आहे."